पाडण्यापूर्वी ओळख पटवा

हिंगोली जिल्ह्यात कयाधू नदीच्या काठी नरसी नावाचे गाव आहे. संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून महाराष्ट्र त्यास नरसी नामदेव या नावाने ओळखतो. नामदेवांची ६१ पदे गुरु ग्रंथसाहिबात समाविष्ट असल्यामुळे पंजाबातील शीख यात्रेकरूही तेथे आदराने येतात. आपण बौद्ध आहोत. देवळाच्या कळसाशी आपले देणेघेणे उरलेले नाही. तथापि नरसीच्या या सुपुत्राविषयी परंपरेने सांगितली जाणारी एक हकीकत आज आपल्या फार उपयोगाची आहे, म्हणून प्रारंभी तीच सांगतो.

मंगळवेढे येथे गावकुसाचे काम चालले होते. दगडमाती वाहण्यास अर्थातच आपले पूर्वज जुंपलेले होते. १३३८ साली ते कूस कोसळले आणि चोखामेळा व त्यांचे सोबती मजूर त्याखाली गाडले गेले. नामदेव मंगळवेढ्यास गेले, त्यांनी ढिगाऱ्यातून चोखोबांच्या अस्थी निवडून काढल्या आणि पंढरपुरास आणून महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली. ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या चोखोबांच्या, असे ती कथा सांगते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाने हा चमत्कार खरा मानण्याचे काहीच कारण नाही. परंतु चमत्कार बाजूस काढला तरी एक गोष्ट शिल्लक राहतेच. ढिगारा उपसून फेकला जाण्यापूर्वी कोणीतरी तेथे गेला आणि त्याने ओळख पटविली. ज्यांची ओळख कोणी पटविली नाही, त्या इतर मजुरांची नावे आज कोणासही सांगता येत नाहीत. आणि ज्यांची ओळख पटली, त्या चोखामेळ्याच्या स्मृतीस, नंदनार व रविदास यांच्यासमवेत, बाबासाहेबांनी १९४८ मध्ये अस्पृश्यांच्या उत्पत्तीविषयीचा आपला ग्रंथ अर्पण केला.

आज कुसे आपोआप पडत नाहीत, ती पाडली जातात. पुनर्विकास, रस्तारुंदी, तीर्थक्षेत्र विकास, सुशोभीकरण अशी त्या पाडण्याची नावे आहेत. नरसीसारख्या खेड्यापासून मुंबईच्या भर वस्तीपर्यंत ही कामे चालू आहेत, आणि ती सर्वस्वी वाईट आहेत असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, काय ठेवावयाचे व काय पाडावयाचे याचा निर्णय होण्यापूर्वी कोणती जागा कशासाठी महत्त्वाची आहे याची नोंद झाली पाहिजे, आणि आपल्या जागांची नोंद आपण केल्याखेरीज दुसरा कोणी करणार नाही.

ही भीती काल्पनिक नाही. मुंबईत दादरला गोकुळदास पास्ता मार्गावर आंबेडकर भवन व बुद्धभूषण मुद्रणालय होते. ज्या मुद्रणालयाच्या नावाशी ‘जनता’ व ‘प्रबुद्ध भारत’ या पत्रांचा इतिहास जोडलेला आहे, ते हेच. २५ जून २०१६ च्या पहाटे ह्या वास्तू पाडण्यात आल्या. त्या जागेवर सतरा मजली इमारत उभारण्याची योजना होती आणि जुने बांधकाम धोकादायक झाले असल्याचे कारण सांगण्यात आले. त्यानंतर समाजात संतापाची लाट उसळली व १९ जुलै २०१६ रोजी मुंबईत प्रचंड मोर्चा निघाला. त्या वादात कोणाची बाजू किती खरी, हा आजच्या लेखाचा विषय नाही. वकील म्हणून मला एकच गोष्ट सांगावयाची आहे. ही वास्तू ऐतिहासिक होती की धोकादायक होती, हा प्रश्न ती जमीनदोस्त झाल्यानंतर सर्वत्र विचारला गेला. तो पाडण्यापूर्वी, दिवसाउजेडी, कागदावर व सर्वांच्या समक्ष सोडवावयाचा असतो. मोर्चाने अन्यायास वाचा फुटते, पण मोर्चाने भिंत परत उभी राहत नाही.

याच्या उलट उदाहरण नागपूरचे आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी जेथे धम्मदीक्षा झाली त्या दीक्षाभूमीच्या विकासाचे काम काढण्यात आले आणि त्यात भूमिगत वाहनतळासाठी खोदकाम सुरू झाले. १ जुलै २०२४ रोजी हजारो अनुयायांनी तेथे जमून तीव्र विरोध केला व शासनाने त्या कामास स्थगिती दिली. येथे काम थांबले, कारण दीक्षाभूमीची ओळख पटवून द्यावी लागत नाही. ती लहान मुलासही ठाऊक आहे. परंतु त्याच ऑक्टोबरात बाबासाहेब ज्या शाम हॉटेलात उतरले ते सीताबर्डीच्या भर बाजारपेठेत होते, हे आपल्यापैकी किती जणांस ठाऊक आहे? स्तूपाचे रक्षण करण्यास हजारो माणसे धावतात. बाजारातील एका साध्या इमारतीसाठी कोण धावणार? धावण्यापूर्वी ती कोणती, हे तरी माहीत असावयास हवे.

इतिहासाचा हा धडा आपल्या धम्माने फार मोठी किंमत देऊन शिकला आहे. भगवान बुद्धांनी जेथे पहिले प्रवचन दिले त्या सारनाथला धर्मराजिका नावाचा प्राचीन स्तूप होता. १७९४ मध्ये बनारसचे जगतसिंह यांना आपल्या नावाचा बाजार, जगतगंज, बांधावयाचा होता. त्यासाठी दगडविटा हव्या होत्या. त्यांच्या मजुरांनी तो स्तूप खणून काढला. आतून दगडी पेटी निघाली, तिच्यात करंडक निघाला व करंडकात अस्थी निघाल्या. त्या कोणाच्या, हे ओळखणारा तेथे एकही माणूस नव्हता, कारण त्या भूमीतून बौद्ध समाजच नाहीसा झाला होता. अस्थी गंगेत सोडण्यात आल्या आणि विटा बाजाराच्या बांधकामास लागल्या. शहराच्या बाजारपेठेसाठी इतिहास पाडला जाण्याचे याहून बोलके उदाहरण मला माहीत नाही. जगतसिंहांस बौद्धांचा द्वेष होता असे मानण्याचे कारण नाही. त्यांना केवळ विटा हव्या होत्या. ज्या जागेचा जाणता वारस उरत नाही, तिची विटांची खाण होते.

दुसरे उदाहरण दूरच्या देशातले, पण आपल्या दुःखाशी जवळचे आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क शहराच्या मध्यवस्तीत १९९१ मध्ये सरकारी कचेरीची टोलेजंग इमारत बांधण्यासाठी पाया खणला जात असता माणसांचे सांगाडे सापडू लागले. अठराव्या शतकातील निग्रो गुलामांची व मुक्त निग्रोंची ती दफनभूमी होती. तिची खूण जुन्या नकाशावर होती, परंतु वर इतक्या इमारती झाल्यानंतर खाली काही उरले नसेल असे गृहीत धरले गेले. चारशेहून अधिक मृतांचे अवशेष बाहेर आले. तेथील काळ्या लोकांनी चळवळ केली, कामाचा आराखडा बदलावा लागला, अवशेष २००३ मध्ये पुन्हा सन्मानाने पुरण्यात आले व २००६ मध्ये ती जागा राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित झाली. जुना नकाशा त्यांच्या उपयोगी पडला. आपला नकाशा कोठे आहे?

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. राज्यघटनेच्या अनुच्छेद ४९ अन्वये संसदेने राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून घोषित केलेली स्मारके व स्थळे यांचे रक्षण करणे हे राज्याचे कर्तव्य आहे. तथापि १९५८ च्या प्राचीन स्मारकांसंबंधीच्या केंद्रीय अधिनियमात यावयास ती वास्तू निदान शंभर वर्षे अस्तित्वात असावी लागते. म्हणजे कायदा दगडाचे वय मोजतो, घटनेचे मोल मोजीत नाही. आपला मुक्तीचा इतिहास तर अगदी अलीकडचा. महाडचा सत्याग्रह १९२७ चा, धम्मदीक्षा १९५६ ची. आणि तो घडला तो किल्ल्यांत व राजवाड्यांत नव्हे. तो चाळीच्या खोलीत, पत्र्याच्या विहारात, वसतिगृहाच्या ओसरीवर व पाणवठ्याच्या पायरीवर घडला. बाबासाहेब मुंबईत परळच्या बी. आय. टी. चाळीत कित्येक वर्षे राहिले. अशा वास्तूंस शिल्पकलेच्या कसोटीवर कोणी गुण देणार नाही. म्हणून केवळ पुरातत्त्वाच्या कायद्यावर विसंबून राहणे ही आत्मवंचना होय.

परंतु दुसरा एक कायदा आहे, ज्याकडे आपल्या कार्यकर्त्यांचे फारसे लक्ष गेलेले नाही. तो म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६. त्याच्या कलम २२ प्रमाणे शहराच्या विकास आराखड्यात ऐतिहासिक महत्त्वाच्या वास्तू व स्थळे यांच्या जतनाची तरतूद करता येते. कलम २५ प्रमाणे आराखडा तयार करण्यापूर्वी मोजणी होऊन जमिनीच्या चालू वापराचा नकाशा काढावा लागतो. कलम २६ प्रमाणे प्रारूप आराखडा प्रसिद्ध करून लोकांच्या हरकती व सूचना मागवाव्या लागतात आणि त्यावर पुढे सुनावणी होते. माझ्या मते यातील सर्वांत मोलाची पायरी पहिली, मोजणीची आहे. त्या नकाशावर आपल्या विहाराच्या ठिकाणी ‘विहार’ असे लिहिले गेले तर पुढील सर्व भांडण सोपे होते. तेथे ‘मोकळी जागा’ असे लिहिले गेले तर हरकतीच्या वेळी आपणांस अस्तित्वच सिद्ध करीत बसावे लागते.

खेड्यातही हीच रीत आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेखाली गावठाणांचे ड्रोनद्वारे मोजमाप करून मालमत्ता पत्रके देण्याचे काम हाती घेण्यात आले आहे. आकाशातून छप्पर दिसते. त्या छपराखाली काय घडले ते दिसत नाही. ते सांगण्यास खाली जमिनीवर माणूस उभा असावा लागतो.

काही वर्षांपूर्वी मराठवाड्यातील एका गावचे पाच बौद्ध बांधव माझ्या कचेरीत आले. त्यांनी पोत्यात गुंडाळून एक कोनशिला आणली होती. त्यांच्या वाडवडिलांनी धम्मदीक्षेनंतर मजुरीतून पैसे काढून दोन खणांचा विहार बांधला होता. दिवसा तेथे वंदना होई व रात्री प्रौढांचा वर्ग चाले. पैसे देणाऱ्या प्रत्येकाचे नाव त्या शिळेवर कोरलेले होते. रस्तारुंदीत तो विहार गेला. मी कागद मागितले. नोंदणी नव्हती, आकारणी नव्हती, फेरफार नव्हता, ग्रामसभेचा ठराव नव्हता. ग्रामपंचायतीच्या पुस्तकात ती जागा पडीक म्हणून दाखविलेली होती. सूचना लावली गेली तेव्हा ती वाचून कोणी हरकत घेतली नाही, कारण आपला विहार सर्वांस ठाऊक आहे असेच प्रत्येकाने धरले होते. मी त्यांना फारसे काही मिळवून देऊ शकलो नाही. कोनशिला ही ज्या भिंतीत बसविलेली असते त्या भिंतीची साक्ष देते; भिंत गेली की तो नुसता दगड उरतो. त्यातील एका वृद्ध गृहस्थांनी त्या दगडावर बोट ठेवून आपल्या आईचे नाव मला दाखविले. न्यायालयात दाखल करता येण्याजोगा तो पुरावा नव्हता, परंतु मी तो विसरू शकलो नाही.

यावर तीन आक्षेप घेतले जातात, त्यांचा विचार केला पाहिजे.

पहिला आक्षेप असा की, जुनी घरे जपण्याच्या नावाखाली गरिबांस कायमचे अंधाऱ्या खोल्यांत डांबून ठेवावयाचे काय? मुळीच नाही. मुंबईच्या बी. डी. डी. चाळींतील कुटुंबे १६० चौरस फुटांच्या खोलीत पिढ्यान्‌पिढ्या राहिली. त्यांना पुनर्विकासात ५०० चौरस फुटांचे घर मिळत असेल तर तो त्यांचा हक्कच आहे आणि कोणा इतिहासप्रेमी सद्गृहस्थाने त्याच्या आड येऊ नये. परंतु त्याच वरळी, नायगावच्या चाळींनी आंबेडकरी चळवळीचे शिलेदार दिले, आणि १९७४ च्या जानेवारीत वरळीने दलित पँथरच्या काळची दंगल सोसली. नवे घर घेताना त्या इतिहासाची एक खोली, एक फलक, एक दप्तरखाना तेथेच मागून घेण्यास कोणता कायदा आड येतो? मात्र ही मागणी आराखडा होण्यापूर्वी करावी लागते. किल्ल्या हाती पडल्यानंतर ती करणे म्हणजे वरात गेल्यावर वाजंत्री शोधणे होय.

दुसरा आक्षेप आपल्या धम्मबांधवांचा आहे. सर्व संस्कार अनित्य आहेत असे तथागतांनी शिकविले. मग विटामातीचा एवढा मोह कशास? यास उत्तर तथागतांनीच देऊन ठेवले आहे. महापरिनिब्बान सुत्तात त्यांनी श्रद्धावानाने पाहावी अशी चार स्थाने नेमकी सांगितली आहेत: जन्माचे, संबोधीचे, प्रथम धम्मदेशनेचे व परिनिर्वाणाचे. अनित्यतेचा उपदेश करणाऱ्या शास्त्यानेच जागांची ओळख सांगून ठेवली. तो मोह नव्हे. पुढील पिढीस वाट सापडावी म्हणून केलेली ती खूण आहे.

तिसरा आक्षेप कोणी मोठ्याने बोलत नाही, पण तो सर्वांत खोल आहे, आणि नुकतीच दीक्षा घेतलेल्या कुटुंबांत तो मला विशेष आढळतो. माणूस धर्म बदलतो तेव्हा त्यास जुन्या जिण्याची आठवणही नको असते. गावकुसाबाहेरची वस्ती, वेगळी विहीर, चावडीसमोरची ती दूर उभे राहण्याची जागा, हे सर्व एकदाचे नाहीसे झाले तर बरे, असे वाटते. ही भावना मला समजते. परंतु बंधुभगिनींनो, ज्याची लाज म्हणून आपण विसरू पाहतो, तो वास्तविक आपल्याविरुद्ध झालेल्या अपराधाचा पुरावा आहे. लाज वाटावयाची असेल तर ती विहीर वेगळी ठेवणाऱ्यांस वाटावी. उद्या कोणी म्हणेल की, आमच्या गावी असा भेद कधी नव्हताच. तेव्हा उत्तर देण्यास ती विहीर उभी असली पाहिजे. १९४७ मध्ये साने गुरुजींच्या उपोषणानंतर पंढरपूरचे मंदिर खुले होईपर्यंत आपल्या पूर्वजांस चोखोबांच्या समाधीपलीकडे पाऊल टाकता येत नसे. ती समाधी म्हणजे केवळ एका संताचे स्मारक नव्हे. माणसाने माणसास कोठे अडविले त्याची ती हद्दखूण आहे.

त्याच पंढरपुरात मंदिरपरिसराच्या मोठ्या कॉरिडॉरची योजना गेली काही वर्षे चर्चेत असून तेथील रहिवासी व व्यापारी आपले वाडे व दुकाने यांसाठी विरोध करीत आहेत. त्यांची यादी त्यांनी केली आहे. आपली यादी कोठे आहे? चोखोबांची समाधी सर्वांस ठाऊक आहे. पण गाडगेबाबांनी बांधलेली व पुढे बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपविलेली चोखामेळा धर्मशाळा आपल्यापैकी किती जणांच्या यादीत आहे? आणि नरसीस यात्रेकरूंसाठी रस्ते व सोयी होताना नामदेवांचे स्थान जपले जाईल यात मला शंका नाही. परंतु नरसी काय किंवा मराठवाड्यातील दुसरे कोणतेही गाव काय, तेथील बौद्ध वस्तीतील पहिला विहार, पहिली शाळा, पहिला पाणवठा, १९७८ च्या नामांतराच्या दिवसांत जेथे घरे जाळली गेली त्या गावांतील त्या जागा, यांची विचारपूस कोण करणार?

म्हणून प्रत्येक वस्तीने पुढील कामे विनाविलंब करावीत. विहारात एक वही ठेवावी. वस्तीतील ज्या ज्या जागेस काही इतिहास आहे तिची चतुःसीमा, तिथे काय घडले, केव्हा घडले व हे कोण सांगतो, एवढे तीत लिहावे. ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणूनच लिहावी, फुगवू नये. खोटी नोंद खऱ्या नोंदीसही बुडविते. वृद्ध स्त्रीपुरुषांची प्रतिज्ञापत्रे आजच करून घ्यावीत, कारण साक्षीदार कायद्याच्या मुदतीसाठी थांबत नाहीत. छायाचित्रे काढावीत. विहाराची महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाखाली नोंदणी करावी व ग्रामपंचायतीच्या अथवा नगरपालिकेच्या आकारणीत त्याचे नाव लावून घ्यावे. ग्रामसभेत ठराव मांडून त्याची नक्कल घ्यावी. मोजणी येईल त्या दिवशी वस्तीतील दोन जाणत्या माणसांनी कामावर खाडा झाला तरी हजर राहावे. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की तो पाहून, आपली जागा त्यात नसल्यास मुदतीच्या आत लेखी हरकत द्यावी व पोच घ्यावी. आपल्या तरुणांपैकी जे स्थापत्यशास्त्र, कायदा व इतिहास शिकले आहेत त्यांनी सुटीचे चार दिवस या कामास द्यावेत.

हे काम लहान आहे. त्यात जयघोष नाही, हारतुरे नाहीत, वर्तमानपत्रात नाव येणे नाही. परंतु मंगळवेढ्याच्या ढिगाऱ्यापाशी एक माणूस वेळेवर पोचला म्हणून चोखोबांचे नाव राहिले, आणि सारनाथला कोणीच नव्हता म्हणून त्या अस्थी कोणाच्या हे आता कधीच कळणार नाही. आपल्या वस्तीवर मोजणीची साखळी पडेल तेव्हा आपण कोठे असू, हे आपल्या हाती आहे. येत्या पौर्णिमेस वंदनेनंतर ती वही उघडा आणि पहिली नोंद आपल्या विहाराचीच करा.